परवान्याचं पिस्तूल, राजकारणातली गोळी: महाराष्ट्रात बंदूक कुणाला मिळते आणि मिळाल्यावर तिच्याकडे कोण बघतं?

२ फेब्रुवारी २०२४, शुक्रवारची रात्र. उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात द्वारली गावातल्या एका जमिनीच्या वादावरून दोन गट आले होते. एका बाजूला कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड, दुसऱ्या बाजूला शिंदे गटाच्या शिवसेनेचे कल्याण पूर्वचे शहरप्रमुख महेश गायकवाड. सत्तेत दोघांचेही पक्ष एकत्र. सगळे वरिष्ठ पोलीस निरीक्षकांच्या केबिनमध्ये बसलेले असताना गोळीबार झाला. महेश गायकवाड गंभीर जखमी झाले. सीसीटीव्हीचं फुटेज काही तासांत प्रत्येकाच्या मोबाइलवर होतं. गोळ्या आपण झाडल्याचं गणपत गायकवाड यांनी एका वृत्तवाहिनीला फोनवरून सांगितलं आणि आपली बाजूही मांडली.

सहाच दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, बोरिवली-दहिसर भागात ठाकरे गटाचे माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह सुरू असताना गोळ्या घालून हत्या झाली. गोळ्या झाडणाऱ्या मॉरिस नरोन्हानं नंतर स्वतःलाही संपवलं.

या दोन घटनांत एक गोष्ट समान होती. दोन्हीकडची शस्त्रं गावठी कट्टे नव्हती. उल्हासनगरमध्ये परवान्याचं पिस्तूल होतं आणि दहिसरमध्ये वापरलेल्या पिस्तुलाचा परवाना नरोन्हाच्या अंगरक्षकाच्या नावावर होता.

आता सोशल मीडियावर एक वाद अधूनमधून पेटतो. अमेरिकेत काही घडलं की तो हमखास वर येतो. १० सप्टेंबर २०२५ ला युटामधल्या विद्यापीठात चार्ली कर्क यांची रायफलीनं हत्या झाली, तेव्हाही आला. एक बाजू म्हणते, सामान्य माणसाकडे बंदूक असली पाहिजे, म्हणजे गुंड घाबरतील. दुसरी म्हणते, बंदुका वाढल्या की मुडदेही वाढतात. पण आपल्याकडे कायदा काय आहे, बंदूक नेमकी कुणाच्या हातात जाते आणि राजकीय हिंसेत ती कुठून येते, हे समजून न घेता हा वाद अमेरिकेच्या चष्म्यातून घातला जातो. म्हणून हे सगळं जरा नीट बघू.

भारतात बंदूक हा हक्क का नाही?

अमेरिकेत १७९१ मधल्या दुसऱ्या घटनादुरुस्तीनं शस्त्र बाळगण्याचा हक्क दिला आणि २००८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं तो प्रत्येक व्यक्तीचा हक्क असल्याचं सांगितलं. त्यामुळे तिथे 'तुम्हाला बंदूक का हवी' हे सरकारनं विचारायचं की नाही, यावरच भांडण होतं.

आपल्याकडे गोष्ट उलटी आहे. १८५७ चा उठाव इंग्रजांनी पाहिला होता. त्यानंतर १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या काळात शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय भारतीय माणसानं हत्यार बाळगायचं नाही, पण युरोपियनांना सूट, असा तो भेदभावाचा कायदा होता. त्यामुळे स्वातंत्र्य चळवळीत या कायद्याबद्दल मोठा राग होता. १९३१ मध्ये काँग्रेसच्या कराची अधिवेशनात मूलभूत हक्कांचा जो ठराव झाला, त्यात शस्त्र बाळगण्याचा हक्कही होता.

मग तो आपल्या संविधानात का नाही आला? डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी ही दुरुस्ती मांडली आणि कराचीच्या ठरावाची आठवण करून दिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिला विरोध केला. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा होता की, सरसकट हा हक्क दिला तर तो प्रत्येकालाच मिळेल, ज्याच्या हातात शस्त्र जाऊ नये त्यालाही. शस्त्रावर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार राज्याकडे असायला हवा. दुरुस्ती फेटाळली गेली. आज कलम १९ आपल्याला एकत्र जमण्याचा हक्क देतं, पण शांततेनं आणि शस्त्रांशिवाय.

हा वाद ज्या वर्षी झाला, त्याच वर्षाच्या ३० जानेवारीला गांधीजींची हत्या झाली होती, तीही पिस्तुलानं, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला. आज आपल्याकडे तोच लागू आहे. त्याचा पाया एका वाक्यात सांगायचा तर बंदूक ही सरकारनं दिलेली सवलत आहे. ती मागताना कारण द्यावं लागतं आणि ती काढूनही घेता येते.

करावेतल्या माणसाला पिस्तूल हवं असेल तर?

नवी मुंबईतलं करावे गाव घ्या. पाम बीच रोडच्या कडेचं जुनं गावठाण, आजूबाजूला सीवूड्सचे टॉवर. इथल्या एखाद्या रहिवाशाला परवाना हवा असेल तर त्याचा अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तांकडे जातो. कारण जिथे पोलीस आयुक्तालय आहे, तिथे परवान्याचा अधिकार पोलीस आयुक्तांना आहे. हाच माणूस अलिबागला राहत असता तर अर्ज रायगडच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे गेला असता.

अर्ज आल्यावर स्थानिक पोलीस ठाण्याकडून अहवाल मागवला जातो. वय २१ पेक्षा कमी असेल तर परवाना मिळत नाही. हिंसेच्या किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर सुटल्यानंतर पाच वर्षं मिळत नाही. शस्त्र सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, घरात ते सुरक्षित ठेवण्याची हमी द्यावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला तीनऐवजी दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा असतो.

कायद्यात एक फारशी माहीत नसलेली तरतूदही आहे. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. म्हणजे कागदावर तरी पिस्तूल ही फक्त श्रीमंतांची गोष्ट नाही.

पण खरी मेख पुढच्या प्रश्नात आहे. तुम्हाला शस्त्र का हवं?

ज्याला शत्रू जास्त, त्याचा अर्ज मजबूत

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना देणारा अधिकारी मुख्यतः दोन गोष्टी बघतो. अर्जदाराच्या जिवाला गंभीर धोका आहे का? आणि त्याच्या व्यवसायामुळे त्याला जीव किंवा मालमत्ता वाचवण्यासाठी शस्त्राची खरोखर गरज आहे का?

ऐकायला हे अगदी रास्त वाटतं. पण धोका दाखवणं कुणाला सोपं जातं, याचा विचार करा. रात्रपाळी करून एकटी घरी येणारी नर्स धोका कसा सिद्ध करणार? तिला धमकीचं पत्र आलेलं नसतं, तिच्या मागे एफआयआरची फाइल नसते. याउलट जमिनीच्या व्यवहारात असलेला, निवडणूक लढवणारा, विरोधी गटाशी हाणामारी झालेला माणूस सहज सांगू शकतो की माझ्या जिवाला धोका आहे. आणि तो खोटं बोलतोय असंही नाही, धोका खरंच असतो.

नवी मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, पुण्याच्या आसपासची गावं या पट्ट्यात शेतजमिनीचे भाव एका पिढीत कुठल्या कुठे गेले. जमीन, बांधकाम आणि राजकारण इथे एकमेकांत गुंतलेलं आहे. मार्च २०२३ मध्ये करावेपासून जवळच, नेरूळच्या सेक्टर ६ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाची भरदिवसा गाडीत गोळ्या घालून हत्या झाली. त्यामागे राजकारण नव्हतं. पण अशी घटना घडली की त्या व्यवसायातल्या माणसाला स्वतःजवळ पिस्तूल असावं असं वाटणं समजण्यासारखं आहे.

म्हणजे होतं काय, तर परवान्याची पद्धतच अशी आहे की शस्त्र सगळ्यात आधी भांडणाच्या मध्यभागी असलेल्या माणसाकडे पोहोचतं. हिललाइन पोलीस ठाण्यातला वाद जमिनीचा होता, माणसं राजकारणातली होती, पिस्तूल परवान्याचं होतं. या तीन गोष्टी योगायोगानं एकत्र आलेल्या नाहीत.

त्यात आणखी एक गोष्ट बघा. ती जागा पोलीस ठाण्याची होती. आजूबाजूला प्रशिक्षित, शस्त्रधारी पोलीस होते. 'चांगल्या माणसाच्या हातात बंदूक असली की वाईट माणूस थांबतो' हा युक्तिवाद चालायचा असता तर तिथे चालला असता. पण हातात भरलेलं पिस्तूल असलं की राग आणि गोळी यांच्यात काही सेकंदांचंच अंतर राहतं.

या बाबतीत महाराष्ट्राच्या स्मरणातली आणखी एक घटना आहे. २२ एप्रिल २००६ ला वरळीत प्रमोद महाजन यांच्यावर त्यांचे धाकटे भाऊ प्रवीण यांनी गोळ्या झाडल्या. ३ मे रोजी महाजनांचा मृत्यू झाला. ते भांडण घरातलं होतं आणि पिस्तूल परवान्याचं होतं.

नकार मिळाला तर वरचा दरवाजा

समजा पोलीस आयुक्तांनी अर्ज फेटाळला. तर कायद्याच्या कलम १८ नुसार अपील करता येतं. आयुक्तांच्या निर्णयाविरुद्धचं अपील राज्याच्या गृह खात्यात, म्हणजे मंत्र्यांपुढे चालतं.

२०२५ मध्ये यावरून मोठा वाद झाला. पुण्यातल्या कोथरूडमध्ये सप्टेंबरमध्ये झालेल्या गोळीबारानंतर निलेश घायवळ टोळी चर्चेत आली. मग समोर आलं की, त्याच्या भावाला पुणे पोलिसांनी परवाना नाकारला होता, पण गृह राज्यमंत्री योगेश कदम यांनी जून २०२५ मध्ये अपिलात तो द्यायला सांगितलं होतं. विरोधकांनी त्यांचा राजीनामा मागितला. कदम यांचं म्हणणं होतं की, अर्जदार जुन्या खटल्यांतून निर्दोष सुटला आहे आणि बऱ्याच वर्षांत त्याच्यावर नवा गुन्हा नाही, त्यामुळे आपला निर्णय कायद्याला धरूनच होता. पोलीस आयुक्तांनी प्रत्यक्षात परवाना दिला नाही.

यात कोण बरोबर हा प्रश्न बाजूला ठेवू. मुद्दा असा की स्थानिक पोलीस 'नको' म्हणत असताना अंतिम निर्णय एका राजकीय पदावरच्या व्यक्तीकडे जाऊ शकतो. अपिलाची सोय हवीच, कारण पोलीसही चुकू शकतात. पण असं अपील मंजूर करताना पोलिसांचा आक्षेप का बाजूला ठेवला, याची कारणं लोकांसमोर यायला हवीत. ती बहुतेकदा वाद झाल्यावरच बाहेर येतात.

बीडमध्ये काय दिसलं?

जून २०२४ मध्ये परळीत मरळवाडीचे सरपंच बापू आंधळे यांची गोळ्या घालून हत्या झाली. ९ डिसेंबर २०२४ ला मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचं अपहरण करून त्यांना मारहाण करून ठार केलं गेलं. देशमुख यांची हत्या बंदुकीनं झाली नव्हती. पण तिच्यानंतर जिल्ह्यातल्या दहशतीकडे सगळ्या राज्याचं लक्ष गेलं आणि एक आकडा पुढे आला. एकट्या बीड जिल्ह्यात बाराशेहून अधिक शस्त्र परवाने होते. हवेत गोळीबार करणाऱ्यांचे, कमरेला पिस्तूल लावून मिरवणाऱ्यांचे व्हिडिओ व्हायरल झाले.

मग प्रशासनानं छाननी सुरू केली आणि शंभराहून अधिक परवाने रद्द करण्याची कारवाई झाली. प्रश्न असा की ही छाननी आधी का नाही झाली? कलम १७ नुसार सार्वजनिक शांततेसाठी गरज वाटली किंवा अटींचा भंग झाला तर परवाना कधीही निलंबित किंवा रद्द करता येतो. हा अधिकार वापरायला एका सरपंचाची हत्या होऊन राज्यभर संताप उसळावा लागला.

कायदा आहे, पण दात कुठे आहेत?

२०१६ च्या नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल कव्हरमध्येच ठेवावं लागतं, ते उगारून दाखवता येत नाही. लग्नात, मिरवणुकीत हवेत गोळीबार करून कुणाचा जीव धोक्यात आणला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. विनापरवाना साधं शस्त्र बाळगलं तर दोन ते पाच वर्षांची शिक्षा आहे.

पण परवानाधारकानं परवान्याची अट मोडली आणि त्या कृत्यासाठी वेगळी शिक्षा सांगितलेली नसेल, तर कलम ३० लागतं. त्यात शिक्षा किती? सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड. आज चांगल्या मोबाइलच्या एका ईएमआयपेक्षाही ही रक्कम कमी भरेल.

दहिसरच्या घटनेत हाच भाग महत्त्वाचा होता. पोलिसांच्या सांगण्यानुसार, अंगरक्षकाचा परवाना उत्तर प्रदेशातला होता आणि मुंबईत आल्यावर त्याची नोंद त्यानं इथल्या पोलिसांकडे केली नव्हती. म्हणजे मुंबईत हे पिस्तूल आहे, याची यंत्रणेला खबरच नव्हती. आणि एकाच्या नावावरचं शस्त्र दुसऱ्याच्या हाती गेलं. परवानाधारकांचा देशपातळीवरचा डेटाबेस आहे, प्रत्येकाला युनिक नंबर दिला जातो. पण माणूस राहायला कुठे गेला आणि शस्त्र कुठे आहे, हे प्रत्यक्ष जाऊन तपासणारं कुणी नसेल तर नंबरचा उपयोग मर्यादितच.

निवडणुकीत शस्त्रं जमा होतात की!

हो, आचारसंहिता लागली की 'परवानाधारकांनी शस्त्रं जमा करावीत' अशा बातम्या येतात. पूर्वी सरसकट सगळ्यांनाच आदेश निघायचा. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं गोव्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की असा घाऊक आदेश योग्य नाही, छाननी समिती नेमून प्रत्येक परवान्याचा विचार करा. जामिनावर असलेले, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे, आधी दंगलीत नाव आलेले यांच्याकडे विशेष लक्ष द्या. निवडणूक आयोगानंही त्यानंतर त्याच धर्तीवर सूचना दिल्या.

ही पद्धत चांगली आहे. अडचण अशी की ती निवडणुकीपुरतीच चालते. फेब्रुवारी २०२४ मधल्या दोन्ही घटना घडल्या तेव्हा लोकसभेची आचारसंहिता लागायची होती, ती १६ मार्चला लागली. राजकीय वैर काही आयोगाच्या वेळापत्रकानुसार चालत नाही.

आणि बेकायदा पिस्तुलांचं काय?

परवान्याच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा हा सगळ्यात मजबूत मुद्दा आहे आणि तो टाळून चालणार नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात हत्या झाली, कॉ. गोविंद पानसरे यांच्यावर १६ फेब्रुवारी २०१५ ला कोल्हापुरात गोळ्या झाडल्या गेल्या. १२ ऑक्टोबर २०२४ ला, दसऱ्याच्या रात्री, वांद्रे पूर्वेला माजी मंत्री बाबा सिद्दिकी यांची हत्या झाली. यांपैकी एकाही ठिकाणी मारेकरी परवान्यासाठी पोलीस आयुक्तालयात गेला नव्हता. ठरवून केलेल्या हत्यांसाठी बेकायदा शस्त्रंच वापरली जातात.

ती येतात कुठून? महाराष्ट्रातल्या पोलीस तपासांत मध्य प्रदेशच्या सीमेवरचं, जळगावच्या चोपडा तालुक्याला लागून असलेलं उमर्टी हे नाव वारंवार येतं. तिथे भट्ट्यांवर पिस्तुलं बनतात. २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी थेट तिथे जाऊन छापा टाकला. दुसरं नाव बिहारमधल्या मुंगेरचं. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे' या संस्थेच्या २०१७ च्या अंदाजानुसार भारतात नागरिकांकडे सुमारे ७.१ कोटी बंदुका होत्या आणि त्यातल्या ६ कोटींहून अधिक विनानोंदणीच्या. त्यापुढे महाराष्ट्रातले परवाने किती? २०१६ अखेर सुमारे ८४ हजार. उत्तर प्रदेशात तेव्हा हाच आकडा पावणेतेरा लाखांच्या घरात होता.

मग 'गुंडांकडे आहेच, तर आम्हालाही द्या' हे बरोबर नाही का? यात एक गल्लत आहे. पाठीमागून येऊन गोळी झाडणाऱ्या मारेकऱ्यापुढे कमरेच्या पिस्तुलाचा फारसा उपयोग होत नाही. सिद्दिकी यांच्यासोबत तर पोलीस अंगरक्षक होता. म्हणजे बेकायदा शस्त्रांवरचा उपाय उमर्टीच्या भट्टीवर, पुरवठ्याच्या साखळीवर आणि टोळ्यांना पैसा देणाऱ्यांवर करावा लागेल. घराघरात पिस्तूल देऊन ती साखळी तुटत नाही.

उलट बाजूचीही एक गल्लत सांगायला हवी. कायदा कडक केला की राजकीय हत्या थांबतात, असंही नाही. जपानमध्ये बंदुकीचा कायदा अतिशय कडक आहे, तरी ८ जुलै २०२२ ला माजी पंतप्रधान शिंझो आबे यांची घरी बनवलेल्या बंदुकीनं हत्या झाली. फरक इतकाच की तिथे मारेकऱ्याला बंदूक स्वतः बनवावी लागली.

मग तुम्ही-आम्ही काय विचारायचं?

'बंदूक हवी की नको' या प्रश्नापेक्षा आपल्या शहरापुरते काही नेमके प्रश्न जास्त कामाचे आहेत. आपल्या आयुक्तालयात किंवा जिल्ह्यात किती परवाने आहेत? गेल्या पाच वर्षांत किती अर्ज नाकारले, अपिलात किती मंजूर झाले, किती परवाने रद्द झाले? परवानाधारकांपैकी कितींवर सध्या गुन्हे दाखल आहेत? ही संख्यात्मक माहिती आहे, कुणाचं नाव न विचारता माहितीच्या अधिकारात ती मागता येते. नगरसेवकापासून आमदारापर्यंत कुणालाही निवडणुकीआधी हे विचारता येतं. उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात त्याच्यावरच्या गुन्ह्यांची माहिती असते, तीही वाचता येते.

आणि शेवटचं, थेट तुमच्या मोबाइलशी संबंधित. वाढदिवसाच्या केकजवळ पिस्तूल, मिरवणुकीत हवेत गोळीबार, 'भाई'च्या रीलमध्ये कमरेचा घोडा असे व्हिडिओ आले की फायर इमोजी टाकून ते पुढे पाठवू नका. शहर पोलिसांच्या अधिकृत हँडलवर पाठवा किंवा ११२ वर कळवा. बीडमध्ये परवान्यांच्या छाननीसाठी दबाव तयार झाला, त्यात अशाच व्हिडिओंचा मोठा वाटा होता. तेव्हा निमित्त एका सरपंचाच्या हत्येचं होतं. पुढच्या वेळी तशा निमित्ताची वाट बघायची गरज नाही.